टिल्लू हो म्हणतो

४ फेब्रुवारी

शाळेने संगणकाच्या खोलीतले छोटे लॅपटॉप आज निकालात काढले. कपाटभर आहेत, सगळे एकाच वाणाचे, मुलांच्या हातात मावतील असे. आणले त्या दिवसापासून रडतच होते. चालू केला की आतली मूळ सिस्टीम अपडेट मागायची, आणि ते अपडेट ठेवायला त्याच्या पोटात जागाच नसायची. तास संपायचा, तरी पडद्यावर तो गोल फिरतोच आहे. मुलं त्यांना 'म्हातारे' म्हणायची.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "महिनाअखेरीस भंगारवाला येतोय." मी म्हटलं, एक मी नेते. त्या हसल्या. "न्या हो. उशाला घ्या."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्या आतलं सगळं पुसलं आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स नावाची हलकी सिस्टीम चढवली. पहिल्या खेपेला वायफाय सापडेना, दुसऱ्या खेपेला आवाज गेला. तिसऱ्या खेपेला मी सुंदर दिसणारा डेस्कटॉप घेतलाच नाही. खिडक्या उघडणारी एक साधी चौकट, बस्स. छपाईची सेवा काढली, ब्लूटूथ काढलं, घड्याळाच्या शेजारी येरझाऱ्या घालणारं हवामान काढलं. जे लागत नाही ते काढून टाकायचं, एवढं एकच सूत्र. आणि काय सांगू, बटण दाबल्यावर पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत हजर! एवढासा जीव, तुरुतुरु धावतो. त्याचं नाव मी टिल्लू ठेवलं.

नवरा म्हणाला, "पण याचं करायचं काय?" मी म्हटलं, "अहो, तुमच्या बाबांचं तोंड."

९ फेब्रुवारी

सासरे हॉस्पिटलातून घरी आल्यापासून समोरच्या खोलीत खिडकीपाशी असतात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात कसाबसा हलतो, त्याचं पहिलं बोट तेवढं शाबूत आहे. मान सारखी डावी-उजवीकडे हलत असते आणि डोळ्यांतून केव्हाही पाणी येतं. डॉक्टरांनी बजावलंय, मान हलली म्हणजे नाही म्हणाले असं धरू नका, आणि रडले म्हणजे दुःख झालं असंही धरू नका. आजाराचा भाग आहे. समजतं मात्र सगळं, असं म्हणाले.

वकील होते. कोर्टात म्हणे साक्षीदार त्यांना पाहूनच घाम पुसायचे. घरात साक्षीदार मी. जेवायला चार माणसं बसली की सुरू. "भाजीत मीठ दोनदा घातलंस. हो की नाही?" मी म्हणायची, "बाबा, झालं काय की..." "झालं काय ते विचारलं नाही. हो की नाही, एवढंच सांग." पाहुणे ताटात बघून हसायचे. नवरा मूग गिळून बसायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात एकही वाक्य शेवटपर्यंत बोललेली नाही.

आता तेच माझ्याकडे टक लावून बघत असतात आणि मला त्यांना काय हवंय ते ओळखावं लागतं. म्हणून हे टिल्लूचं खूळ. माझ्या मनात काही वाईट नाही.

१० फेब्रुवारी

झालं! अक्षरं टाइप केली की टिल्लू ती मोठ्याने वाचतो. आवाज डब्यात बसलेल्या माणसासारखा आहे, पण शब्द कळतात. कीबोर्डावर मोठ्या अक्षरांचे स्टिकर लावले. पलंगावर आडवं टेबल सरकवलं.

सासऱ्यांनी बोट उचललं. एकेक अक्षर शोधत होते. मी आणि नवरा श्वास रोखून उभे. मला वाटलं, आता 'पाणी' म्हणतील, नाहीतर नवऱ्याचं नाव घेतील. खरं सांगायचं तर एका कोपऱ्यात मला वाटत होतं की माझ्याबद्दल काहीतरी म्हणतील. इतकी वर्षं झाली, आणि आज त्यांचं तोंड मी परत आणलं होतं.

टिल्लू म्हणाला, "आवाज घाण आहे."

नवरा खो खो हसला. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा हसला. सासऱ्यांच्या तोंडाची डावी बाजूही वर गेली. दोघं बापलेक हसत होते आणि मी वायर गुंडाळत होते. मला फार लागलं.

१६ फेब्रुवारी

हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट बाई तपासायला आल्या होत्या. टिल्लू बघून उडाल्याच. "मॅडम, हे तुम्ही केलंत? एवढ्याशा लॅपटॉपवर? आमच्या वॉर्डात असे पेशंट रांगेने आहेत, त्यांच्यासाठी महागडी यंत्रं कुठून आणायची?" मोठ्या डॉक्टरांना घेऊन येते म्हणाल्या, सगळं नीट चालत असेल तर वॉर्डासाठी असेच तयार करून द्याल का? मॅडम! मला शाळेतसुद्धा कोणी मॅडम म्हणत नाही, 'संगणकाच्या बाई' म्हणतात. मी लगेच मुख्याध्यापिकांना फोन करून भंगारवाल्याला थांबवायला सांगितलं.

त्या निघताना सासऱ्यांनी त्यांना बोटाने थांबवलं आणि टाइप करत बसले. बराच वेळ गेला. टिल्लू म्हणाला, "मुलीला कळवा. मला तिच्याकडे जायचं आहे. इथे जेवण गार देतात."

बाई ओशाळल्या. मी हसून म्हटलं, "गरम गिळता येत नाही ना त्यांना, म्हणून निववून देते." खरंच निववूनच देते. शाळेतून येऊन कोण दोनदा गरम करणार?

१७ फेब्रुवारी

टाइप केलेलं वाचणारा तो प्रोग्रॅम टिल्लूला झेपत नाही. फार मेमरी खातो, यंत्र खालून कोमट होतं. काल बाई असताना मध्येच अडखळलंही होतं. आज तो काढून टाकला.

त्याऐवजी बटणं केली. एका बटणाला एक शब्द, शब्द आधीच बोलून ठेवलेला. पुठ्ठ्याला भोकं पाडून तो कीबोर्डावर बसवला, म्हणजे बोट घसरून भलतीकडे जाणार नाही. हो, पाणी, भूक, दुखतंय, संडास, उशी, ताई, आणि सगळ्यात शेवटी नको. ताई म्हणजे माझी नणंद, त्यांची थोरली. शब्द माझ्याच आवाजात भरले. डब्यातला आवाज घाण आहे असं त्यांनीच सांगितलं होतं ना? आता टिल्लू वाऱ्यासारखा चालतो.

नवरा म्हणाला, "पण यात त्यांना वाक्य कसं बोलता येणार?" मी म्हटलं, "वाक्याचं काय काम असतं? मुद्द्याचं बोलायचं."

२३ फेब्रुवारी

दिवसभर माझाच आवाज मला नको म्हणतोय. जेवण? नको. अंघोळ? नको. व्यायाम? नको नको नको. स्वयंपाकघरात हात कणकेत असतात आणि समोरच्या खोलीतून मीच ओरडते आहे असं वाटतं. मधूनच 'ताई'. मग परत 'ताई'. अहो, ताई गावात नाहीत, कुठून आणू? आलेल्या शेजारणीसमोर एकसारखं 'ताई, ताई' लावलं. ती निघताना माझ्याकडे अशी बघत गेली की जणू मीच यांना डांबून ठेवलंय.

शब्द असा निरर्थक वापरायचा तर तो ठेवायचा कशाला?

२५ फेब्रुवारी

'ताई' काढलं. पण एक अडचण आली. आवाजाची फाइल जागेवर नसली की प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येतात आणि टिल्लू भोंग्यासारखा बोंबलायला लागतो. सासऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. पुनःपुन्हा तेच बटण दाबून त्याला बोंबलायला लावायचे. वकिलाचं डोकं!

दुपारभर डोकं खाजवलं आणि मग एका ओळीत काम झालं. ज्या बटणाचा शब्द नाही, त्याने सरळ 'हो'ची फाइल उचलायची. अडखळणं बंद. माझी मीच पाठ थोपटली. स्वस्तातलं यंत्र वापरताना हीच गंमत असते, आहे त्यातच भागवायचं.

त्यांनी 'ताई'च्या जागी बोट ठेवलं. "हो." परत ठेवलं. "हो." मग बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "कसलं हो, बाबा? काही हवंय का?" आणि ओटा पुसायला गेले.

१ मार्च

ताईंचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या शहरात एक सेंटर आहे, तिथे अशा पेशंटना परत बोलायला शिकवतात. शिवाय डोळ्यांनी चालणारा टॅब्लेट घेतलाय म्हणे, नुसतं अक्षराकडे बघायचं. येत्या पंधरा तारखेला येतात. "बाबांना समोर बसवून विचारू. ते हो म्हणाले तर त्याच गाडीत घेऊन जाते, नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढणार नाही. त्यांचं ते ठरवतील."

मी टिल्लू कॅमेऱ्यासमोर धरला. ताई म्हणाल्या, "हे काय गं, मुलांचं खेळणं? बाबांना हे दिलंयस तू?"

खेळणं! मी बोलणार होते, पण नवऱ्याने फोन स्वतःकडे घेतला आणि गाडी किती वाजताची आहे ते विचारायला लागला.

आणि पंधरालाच मोठे डॉक्टर येणार आहेत. सासरे गेले तर मी टिल्लू दाखवणार कोणावर? पलंगाला लावून दाखवू? शाळेच्या कपाटातले सगळे परत भंगारात जातील आणि मी परत संगणकाच्या बाई. मी नाही जाऊ देणार. लिहूनच ठेवते. मी नाही जाऊ देणार.

५ मार्च

तालीम घेतली. डॉक्टर विचारतील तसे प्रश्न विचारले.

"बाबा, बरं वाटतंय?"

"नको."

"झोप लागते?"

"नको."

"आम्ही तुमची नीट काळजी घेतो ना?"

हे विचारल्यावर त्यांनी बोट उचललं, माझ्याकडे बघत सावकाश नेलं, आणि शेवटचं बटण असं दाबून धरलं की माझा आवाज थांबेचना. नकोनकोनकोनको. तोंडाची डावी बाजू वर गेलेली.

८ मार्च

थेरपिस्ट बाईंनी मागेच सांगितलं होतं, पेशंटकडून होकारात्मक प्रतिसाद येतील असं बघा, त्याने उमेद वाढते. मी ते मनावर घेतलं. नको काढलं. त्या बटणावरचा स्टिकर खरवडून तिथे फुलाचा लावला.

सकाळी अंघोळीला न्यायला गेले तेव्हा त्यांनी न बघताच बोट शेवटच्या बटणावर नेलं. "हो." त्यांना वाटलं चुकलं. परत दाबलं. "हो." मग आधी हळू, मग जोरात, मग मुठीने. हो, हो, हो. मी म्हटलं, "बघा, किती उत्साह आलाय आज अंघोळीचा!"

डोळ्यांतून पाणी आलं. ते काय, येतंच.

नवरा दाराशी टॉवेल घेऊन उभा होता. स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "नकोचं बटण कुठे गेलं?" मी म्हटलं, "तुम्हाला त्यांना अंघोळ घालायची आहे का रोज? सांगा, परत लावते." त्याने टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि कामावर गेला.

१० मार्च

नवा उद्योग. काही विचारलं की डाव्या हाताने टिल्लूचं झाकण ढकलून मिटतात. झाकण मिटलं की यंत्र झोपी जातं आणि बोलणं खुंटतं. शिष्टपणा बघा! कोर्टात फाइल मिटून उठायचे तसं.

झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, असं टिल्लूला सांगून ठेवलं. एक सेटिंग बदलायचं, फार काही नाही. शिवाय पडद्याच्या मागे पुस्तकांचा टेकू दिला. पुस्तकं त्यांचीच, जाड कायद्याची. इतकी वर्षं नुसती धूळ खात होती.

१२ मार्च

आता बोटच उचलत नाहीत. मूठ वळून पडून राहतात. तीन दिवसांनी डॉक्टर येणार आणि यांचा संप.

पण माणूस कशानेही वळतो. आज पाण्याचा ग्लास दिसेल असा खिडकीत ठेवला आणि सांगितलं, "बाबा, बटण दाबल्याशिवाय मला कसं कळणार?" सकाळ गेली. मी शाळेत जाऊन आले. दुपारी बोट उठलं. "पाणी." दिलं की लगेच! मग विचारलं, "बरं वाटलं?" बोट शेवटच्या बटणाकडे गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि परत आलं. मी ग्लास जरा मागे घेतला. "बरं वाटलं ना?" "हो."

शिकवलं की शिकतात. शाळेत नाही का, सगळ्यात आडमुठं पोरच शेवटी सगळ्यात पुढे जातं.

१५ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर छाती फुटेल.

मोठे डॉक्टर आणि थेरपिस्ट बाई सकाळीच आले. मी सासऱ्यांना स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. बाई म्हणाल्या, "हे अक्षरं टाइप करत होते ना?" मी म्हटलं, "नंतर जमेना त्यांना." टिल्लू चालू केला. डॉक्टर घड्याळाकडे बघतात न बघतात तोच तयार. "वा!" म्हणाले. मग विचारलं, "काका, झोप लागते?" "हो." "दुखतं का कुठे?" "हो." मी पटकन म्हटलं, "खांदा, त्यांचा खांदा धरतो." "सूनबाई काळजी घेतात?" सासऱ्यांनी माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघितलं. "हो." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तम काम आहे, मॅडम." पुढचं काय सांगत होते ते ऐकूच आलं नाही.

तेवढ्यात ताई आल्या. बॅग दारातच टाकली आणि पलंगाला मिठी मारली. सासऱ्यांच्या घशातून असा काही आवाज आला की थेरपिस्ट बाई मागे सरकल्या. ताईंनी तो टॅब्लेट काढला. केवढा थोरला, चकचकीत. चालू केला आणि पडद्यावर काय आलं? अपडेट! गोल फिरायला लागला. आमचं इंटरनेट हे असं. मला हसू आवरेना, मी आत जाऊन हसून आले.

ताईंना धीर नव्हता. त्यांनी जमिनीवर गुडघे टेकले, बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, माझ्याकडे चलता? आजच. मी न्यायला आलेय तुम्हाला."

बोट सरळ पहिल्या बटणावर गेलं. जराही थरथरलं नाही. "हो."

ताई रडायलाच लागल्या. मला शाळेचं ते कपाट दिसलं, भंगारवाल्याचा टेम्पो दिसला. आणि मग मला सुचलं. देवानेच सुचवलं म्हणायचं.

"ताई," मी म्हटलं, "आशेला लागू नका हो. बाबा हल्ली कशालाही हो म्हणतात. मलाही आधी फसायला व्हायचं. बघा हं. बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय ना, आमच्याकडे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोट उचललं आणि शेवटच्या बटणावर, फुलावर, सगळा जोर लावून आपटलं.

"हो."

ताईंचे हात सुटले. "बाबा? माझ्याकडे यायचं नाही का मग?" फुलावर. "हो." "म्हणजे नाही यायचं?" फुलावर, फुलावर. "हो. हो." मान डावी-उजवीकडे हलतेय, गालांवरून पाणी वाहतंय, आणि माझा आवाज छान, स्पष्ट, न चिडता, हो म्हणतोय.

डॉक्टर पुढे आले. खिशातलं पेन काढून समोर धरलं. "काका, हा चमचा आहे का?" सासरे त्या पेनाकडे बघत राहिले. वकील माणूस, त्यांना कळलं असणार कशासाठी विचारतायत, असं तेव्हा मला क्षणभर वाटलं. त्यांनी बोट अगदी बेताने, नीट नेम धरून फुलावर ठेवलं. "हो."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. हलकेच म्हणाले, "होतं असं. शब्द ऐकू येतात, अर्थ पोहोचत नाही. यांच्या होकारावर काही ठरवू नका. आणि ओळखीची जागा तर मुळीच बदलू नका."

तेव्हा सासऱ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बाकी कोणाकडे नाही, फक्त मुलाकडे. तो खिडकीपाशी उभा होता. फुलाखाली काय होतं ते या घरात माझ्याशिवाय त्यालाच ठाऊक. मी त्याच्याकडे बघत होते. सासरे बघत होते. ताई म्हणाल्या, "तू तरी सांग रे. बाबांना कळतंय ना?"

नवरा म्हणाला, "हल्ली असंच आहे गं त्यांचं."

ताई संध्याकाळच्या गाडीने एकट्याच गेल्या. जाताना माझे दोन्ही हात धरले. "खेळणं म्हटलं ते मनावर घेऊ नकोस. तू आहेस म्हणून आहे गं त्यांचं." टॅब्लेट बॅगेत घालेपर्यंत तो गोल फिरतच होता.

१६ मार्च

डॉक्टर म्हणाले ते रात्रभर डोक्यात होतं आणि आता मला खरंच पटतंय. बिचाऱ्यांना काहीच कळत नव्हतं. 'आवाज घाण आहे', 'जेवण गार देतात', ते नको नको, सगळं मी मनाला लावून घेत होते. उगाच जीव जाळला. एवढा मोठा डॉक्टर पेन दाखवून खात्री करून घेतो, तो काय चुकणार? आता मला त्यांचा राग येत नाही. माया येते.

नवरा समोरच्या खोलीत जात नाही. जेवणाचं ताट आत मागवून घेतो.

२ एप्रिल

शाळेतलं कपाट आमच्या जेवणाच्या टेबलावर आलंय. एक लॅपटॉप नीट लावला की बाकीच्यांना काही मेहनत नाही. टिल्लूची हुबेहूब नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि एकेकात ओतायची. तीच बटणं, तेच शब्द, तोच माझा आवाज, आणि मोकळं बटण दाबलं तर अडखळू नये म्हणून तीच ती एक ओळ. वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाई नमुना बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "नकोचं बटण नाही वाटतं? बरं केलंत हो." थेरपिस्ट बाईंनी माझं भाषण ठेवलंय, हलक्या यंत्रांवर. पहिलं वाक्य पाठ केलंय, जे लागत नाही ते काढून टाका.

आज सगळे एका ओळीत मांडून तपासले. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येकाचं शेवटचं बटण दाबत गेले. हो. हो. हो. घर भरून गेलं माझ्या आवाजाने. एकही अडखळला नाही.

मग समोरच्या खोलीत गेले. सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना वळवलं, उशी सारखी केली, टिल्लू जवळ ओढला.

"बाबा," मी म्हटलं, "मी तुमचं सगळं नीट केलं. हो की नाही, एवढंच सांगा."

मूठ घट्ट मिटलेली होती. मी ती हळूच उघडली, पहिलं बोट सरळ केलं आणि धरून बटणावर टेकवलं.

"हो."

आवाज माझाच आहे, तरी त्यांच्याकडून ऐकायला बरं वाटतं. उद्या झोपायच्या आधीही विचारीन.